संगीत आणि मेंदू: नव्याने वाचायला घेताय?

सगळ्यात आधी ‘मेंदूतलं संगीताचं केंद्र’ शोधणं सोडा. असं एकच केंद्र नाही. ‘उजवा मेंदू कलेचा, डावा हिशेबाचा’ हे वाक्य मीही एकेकाळी ऐटीत फेकायचो. आता आठवलं की ओशाळायला होतं.

सुरुवात कानापासून करा. अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत उंच स्वर एका टोकाला टिपले जातात, खालचे दुसऱ्या टोकाला. हाच क्रम मेंदूच्या श्रवणक्षेत्रापर्यंत नकाशासारखा टिकतो.

मग तालाकडे या. खरी गंमत तिथे आहे. तुम्ही अजिबात न हलता नुसतं ऐकत असलात, तरी हालचालींची आखणी करणारे भाग कामाला लागलेले असतात. मेंदू पुढच्या ठोक्याची वाट बघत नाही, त्याचा अंदाज बांधतो. एकसारख्या टकटकीबरोबर बोट आपटून बघा: बहुतेकांचं बोट ठोक्याच्या किंचित आधीच पडतं!

गाण्यातल्या आवडत्या जागेला अंगावर काटा येतो, त्याबद्दल २०११चं डोपामिन या मेंदूतल्या रसायनावरचं संशोधन जरूर वाचा. ती जागा येण्याआधीची उत्कंठा आणि प्रत्यक्ष आनंद, दोन्ही वेळी डोपामिन स्रवतं, पण वेगवेगळ्या भागांत.

‘मोझार्ट ऐकवा, मूल हुशार होईल’ यावर वेळ घालवू नका. १९९३चा मूळ प्रयोग महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर होता आणि परिणाम जेमतेम १०-१५ मिनिटं टिकला.

त्यापेक्षा पक्षाघाताने वाचा गेलेल्यांबद्दल वाचा. त्यांच्यातल्या काहींना साधं वाक्य बोलता येत नाही, पण ओळखीचं गाणं शब्दांसकट गाता येतं.