फ्लास्कमध्ये (पायथनचं वेब ॲप बनवायचं साधन) लिहिलेल्या ॲपची डॉकर इमेज, म्हणजे ॲप आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला गठ्ठा, तयार केली. तिच्यावरून सुरू केलेला कंटेनर चालू दिसतो, पण ब्राउझरमध्ये पान उघडत नाही. आणि इमेज दुसऱ्याला द्यायची कशी?

फ्लास्क स्वतःहून फक्त १२७.०.०.१ वर ऐकतो. कंटेनरच्या आत हा पत्ता म्हणजे कंटेनर स्वतःच, त्यामुळे बाहेरची विनंती तिथवर पोचतच नाही. ॲपमध्ये होस्ट ०.०.०.० करा आणि कंटेनर सुरू करणाऱ्या 'डॉकर रन'ला पोर्टची (जोडणीच्या दाराचे क्रमांक) जोडी द्या, उदा. ८०८०:५०००. डावा आकडा तुमच्या मशीनचा, उजवा कंटेनरचा. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०८० उघडा. डॉकरफाइलमधल्या (इमेज बांधायच्या सूचनांची फाइल) 'एक्स्पोज' या ओळीवर विसंबू नका, ती नुसती नोंद आहे. माझी एक अख्खी संध्याकाळ तिच्यापायी गेली होती.

एकाच माणसाला द्यायची असेल तर 'डॉकर सेव्ह'ने टार फाइल काढा, समोरचा 'डॉकर लोड' करेल. जास्त जण असतील तर सरळ रजिस्ट्रीवर (इमेज ठेवायचं ऑनलाइन कोठार) पुश करा, म्हणजे चढवा.

ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर बांधलेली इमेज सहसा आर्म६४ या प्रोसेसर-प्रकाराची असते. इंटेलच्या लिनक्स सर्व्हरवर ती 'एक्झेक फॉरमॅट एरर' देऊन बंद पडू शकते, म्हणून बिल्ड करतानाच प्लॅटफॉर्म 'लिनक्स/एएमडी६४' सांगा.

आणि पासवर्डची फाइल आधीच डॉकरइग्नोरमध्ये (इमेजमध्ये न घ्यायच्या फाइलींची यादी) घाला. इमेज थराथरांनी बनते; फाइल एकदा तिच्यात गेली की डॉकरफाइलच्या पुढच्या ओळीत पुसूनही ती आधीच्या थरात तशीच राहते, शोधणाऱ्याला सापडते.