फुटबॉलचा मोसम सुरू होण्याआधीच्या सराव सामन्याचा स्कोअर किती मनावर घ्यायचा?

स्कोअर सोड, टीमशीट, म्हणजे कोण खेळतंय त्याची यादी, बघ. जुलै २०२२ मध्ये बँकॉकला मँचेस्टर युनायटेडने लिव्हरपूलला ४-० धुतलं. पण लिव्हरपूल साधारण दर अर्ध्या तासाने जवळपास अख्खा संघ बदलत होतं. ऑगस्टमध्ये इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाली आणि युनायटेड घरच्या मैदानावर ब्रायटनकडून १-२ हरलं, मग ब्रेंटफर्डकडून ०-४! उलट २०१९ च्या उन्हाळ्यात सराव सामन्यांत डॉर्टमुंड, सेव्हिया, नापोलीकडून हरलेल्या लिव्हरपूलने त्याच मोसमात ९९ गुणांनी लीग मारली.

पहिली साठ मिनिटं नीट बघ, तीसुद्धा शेवटच्या एक-दोन सराव सामन्यांची. पुढे बदली खेळाडूंची जत्रा असते. बॉल गेल्यावर किती जण लगेच प्रेस करतात, म्हणजे समोरच्यावर धावून बॉल परत मिळवायला बघतात? कॉर्नरवर कोण मोकळा सुटतो? नवा लेफ्टबॅक (डावीकडचा बचावपटू) वर गेला की मागची जागा कोण भरतं? आधीच्या सामन्यांत पाय जड असतातच, सकाळीच दमवणारं ट्रेनिंग झालेलं असू शकतं.