पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करून बघू का?

अजिबात नको, चावी फिरवूच नका! इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो आणि मग अख्खं इंजिन खोलत बसा. आधी पाणी कुठवर चढलं त्या खुणेचे फोटो काढा, इन्शुरन्सला लागतात, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिपस्टिक (इंजिन ऑइल तपासायची पट्टी) बघा, ऑइल दुधाळ दिसलं की समजायचं पाणी गेलंय, ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि कार्पेट वरून कोरडं लागलं तरी फसू नका, खालचा फोम पाणी धरून बसतो, सीट काढून तो उचलाच नाहीतर कुबट वास जाता जात नाही. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर खरं सांगू, वायरिंगच्या नादी न लागता सरळ क्लेम टाका.