कचरा उचलायला अख्ख्या शहरात एकच ठेकेदार? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

काही शहरांत प्रत्येक घर आपला कचरेवाला स्वतःच ठरवतं आणि महिन्याचे पैसे थेट त्यालाच देतं. आता अशा ठिकाणी पालिका म्हणतेय की टेंडर काढून सगळं काम एकालाच देऊ. यावर बरीच पत्रं आली, दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिलेली, त्यातले काही प्रश्न घेतलेत.

प्रश्न: आमच्या गल्लीत चार कंपन्यांच्या गाड्या येतात. माझा ठेकेदार मला कधीही बदलता येतो म्हणून तो नीट वागतो. एकच उरला तर ती सरळसरळ मक्तेदारी नाही का?

उत्तर: होऊ शकते, पण होतेच असं नाही. आत्ता स्पर्धा तुमच्या दारात चालते, एकच ठेकेदार नेमला की ती टेंडरच्या वेळी होते, एवढा फरक. एडविन चॅडविक या इंग्रज सुधारकाने १८५९ मध्येच हा मुद्दा मांडला होता की काही सेवांमध्ये रस्त्यावर एकमेकांशी भांडण्यापेक्षा ते काम मिळवण्यासाठीच स्पर्धा लावावी. कचऱ्याला हे फार लागू पडतं, कारण गाडी, ड्रायव्हर, डिझेल हा खर्च गल्लीतल्या प्रत्येक घरी थांबलं काय किंवा दर चौथ्या घरी थांबलं काय, जवळपास तेवढाच येतो, म्हणजे घरं सलग मिळाली की दर घरामागचा खर्च उतरतो. पण टेंडरला एकच जण आला तर मात्र तुमची भीती शंभर टक्के खरी, तेव्हा किती जणांनी बोली लावली हे पालिकेला आधी विचारा.

प्रश्न: रस्ते खराब होतात म्हणून गाड्या कमी करायच्या म्हणतात. हे फक्त निमित्त आहे का?

उत्तर: नाही हो, यात तथ्य आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५०च्या दशकाच्या शेवटी रस्त्यांवर मोठी चाचणी झाली होती, त्यातून निघालं की एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याचं नुकसान साधारण १६ पट होतं. कचऱ्याने भरलेली गाडी म्हणजे गल्लीत नेमाने येणारं सगळ्यात जड वाहन. चारच्या जागी एक आली की फरक पडणारच.

प्रश्न: आम्ही ओला कचरा घरीच जिरवतो, सुका जेमतेम एक पिशवी. शेजारी आणि मी मिळून एकच डबा वापरतो. नव्या पद्धतीत दोघांनीही पूर्ण पैसे का भरायचे?

उत्तर: आलेल्या पत्रांमधली सगळ्यात रास्त तक्रार मला हीच वाटते. अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या सेंट पॉल शहरात २०१८ मध्ये घरोघरची मोकळी निवड बंद करून पालिकेने ठेकेदारांशी एकत्र करार केला, तेव्हा नेमकी यावरूनच ठिणगी पडली, डबा शेअर करता येत नाही आणि बाहेरही पडता येत नाही म्हणून लोक चिडले, प्रकरण कोर्टात गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये थेट मतदान झालं. मतदारांनी नवी पद्धत ठेवली, पण तेवढ्याने तक्रार चुकीची ठरत नाही. जो कमी कचरा करतो त्याचं बिल कमी यायलाच हवं, नाहीतर कचरा कमी करा असं पालिकेने कुठल्या तोंडाने सांगायचं? छोटा डबा, पंधरा दिवसांतून एकदा फेरी, दोन घरांत एक डबा, हे पर्याय करारातच लिहून घ्या. नंतर कोणी देत नाही.

प्रश्न: आमचा छोटा ठेकेदार कित्येक वर्षं इमानाने काम करतोय. त्याने काय करायचं?

उत्तर: याचं दुःख मला खरंच वाटतं, कारण शहरभराचं टेंडर भरायची छोट्याची ऐपतच नसते. म्हणून शहराचे विभाग पाडावेत. न्यूयॉर्कने दुकानं-ऑफिसांच्या कचऱ्यासाठी २०१९ मध्ये कायदा करून २० विभाग ठरवले आणि एका विभागात जास्तीत जास्त तीन ठेकेदार, म्हणजे गाड्यांची धावाधावही कमी आणि निवडही थोडी शिल्लक. छोट्यांना एकत्र येऊन बोली लावू द्यावी आणि नव्या ठेकेदाराने जुन्यांची माणसं आधी कामावर घ्यावीत, अशी अट टाकायला पालिकेला कोणी अडवलेलं नाही.

प्रश्न: पहिलं वर्ष गोड बोलतील, मग गाडी येणार नाही आणि फोनही उचलणार नाहीत. तेव्हा आम्ही कुणाकडे जायचं?

उत्तर: माझ्या मते खरा वाद इथेच आहे, एक की अनेक यापेक्षा कितीतरी मोठा. लॉस एंजेलिसने २०१७ मध्ये दुकानं आणि मोठ्या इमारतींसाठी ११ विभाग करून सात कंपन्यांना काम वाटून दिलं, एका विभागात एकच कंपनी. पुढे बिलं फुगली, कारण कुलूप लावलेलं गेट उघडायचे वेगळे पैसे, डबा लांबून ओढत आणायचे वेगळे पैसे, आणि फेऱ्या चुकल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. म्हणून सुनावणीला जाल तेव्हा नुसता दर विचारून परत येऊ नका. जादा आकार कोणकोणते ते सगळे कागदावर मागा. चुकलेल्या फेरीचा दंड आपोआप कापला जातो का? तक्रारींची नोंद पालिकेकडे राहते की कंपनीकडे? डबे कोणाच्या मालकीचे? हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात, पण डबे कंपनीचे असले की तिला काढणं फार अवघड जातं, घराघरातले डबे एका दिवसात कसे बदलणार!

आणि जमलं तर थोडं काम पालिकेने स्वतःकडे ठेवावं असं मी आवर्जून सांगेन. अमेरिकेतल्याच फीनिक्स शहरात १९७९ पासून पालिकेचा विभाग खासगी कंपन्यांच्या बरोबरीने बोली लावायला लागला, सुरुवातीला हरला, मग काम सुधारून पुढे काही भाग परत जिंकला. सेंट पॉलनेही २०२५ मध्ये नवा मुख्य ठेकेदार नेमताना काही घरं आपल्याच कर्मचाऱ्यांकडे ठेवली. स्वतःच्या गाड्या, स्वतःची माणसं असली की खरा खर्च किती येतो ते पालिकेला कळतं आणि ठेकेदाराने पुढच्या वेळी दर वाढवून मागितला तर नाही म्हणता येतं.