पन्नास प्रती, तरी प्रत्येक ‘मूळ’?

दारव्हा तालुक्यातल्या एका गुरुजींना चित्रग्रंथ जमवण्याचा नाद आहे. त्यांनी घेतलेल्या एका ग्रंथाच्या वर्णनात ‘सहीची मूळ एचिंग्ज, ५० प्रती’ असं लिहिलंय. एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावरून कागदावर उमटवलेलं चित्र. गावातले म्हणतात, ‘पन्नास हायेत त मूळ एकच असन, बाकी साऱ्या नकला.’ तर ‘मूळ’ हा शब्द इथे बरोबर आहे का, असं गुरुजींनी विचारलं आहे.

बरोबर आहे. सातबाऱ्याची नक्कल काढतो तेव्हा अस्सल नोंद दप्तरी आधीच असते, नक्कल तिच्यावरून उतरते. एचिंगचं तसं नाही. तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन चित्रकार सुईने रेघा ओढतो आणि पत्रा आम्लात सोडतो. उघडा पडलेला धातू आम्ल खातं. त्या खाचांत शाई भरायची, वरवरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून काढायचा. पत्र्यावर चित्र उलटं असतं. चित्रकाराच्या मनातलं सुलटं चित्र प्रथम उमटतं ते कागदावरच. शाई दर खेपेला हातानेच पुसायची, म्हणून दोन कागद तंतोतंत सारखे निघत नाहीत. मग नक्कल कोणाची म्हणायची? पॅरिसचे प्रकाशक व्होलार यांनी १९३१ साली पिकासोची १३ एचिंग्ज घालून काढलेल्या ग्रंथाच्या ३४० प्रती होत्या. त्या साऱ्यांतली चित्रं मूळच मानतात.

चित्राचा फोटो काढून ऑफसेटवर छापला, तर ती खरी नक्कल, खाली चित्रकाराची सही असली तरी. भिंगातून बारीक ठिपके दिसतात. एचिंगमध्ये पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो.

एचिंगला मराठीत ‘अम्लरेखन’ म्हणतात. क्रियेसाठी तो शब्द मला फार आवडतो. हातातल्या कागदाला मात्र ‘मुद्राचित्र’ म्हणावं. ‘कोरीवकाम’ नको, कारण इथे धातू हत्याराने नाही, आम्लाने निघतो.

मला खटकतो तो ‘सहीची’ हा शब्द. सही प्रत्येक चित्राखाली पेन्सिलीने आहे, की ग्रंथाच्या शेवटी प्रतींची संख्या आणि कागद सांगणाऱ्या पानावर एकदाच? दोन्हींना विक्रेते ‘सहीची’च म्हणतात, आणि किमतीत मोठा फरक पडतो. गुरुजी, ते शेवटचं पान उघडून बघा. चित्राखाली डावीकडे १२/५० असा आकडा नि उजवीकडे सही असेल, तर वहीत ‘मूळ मुद्राचित्रे, प्रत्येकावर सही’ असं लिहा. नसेल, तर ‘मूळ मुद्राचित्रे, सही फक्त शेवटच्या पानावर’.