'तेवढंच' म्हणून सोडून दिलेले नऊ दिवस

पत्र बरंच लांब होतं, थोडक्यात देते.

"ताई, मी फुलेवाडीला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. मुलगा 2 वर्षं 9 महिन्यांचा आहे पण आई, बाबा, मम असे पाच-सहाच शब्द, तेपण अर्धवट. सासूबाई म्हणतात, 'त्याचा बा बी चार वर्साचा हुईस्तवर बोलत नव्हता, आता गप बसतोय काय?' मिस्टर म्हणतात मोबाईलमुळे. सहा महिने झाले रोज मधात वेखंड उगाळून जिभेला लावते, जीभ चिकटलीय का तेपण दाखवून आले. बाकी तब्येत उत्तम, जन्मल्यावर कावीळ म्हणून नऊ दिवस पेटीत होता तेवढंच. कानाचा प्रश्न नाही, ताट पडलं की दचकतो. सगळे म्हणतात आई दिवसभर घरात नसते म्हणून पोरगं बोलत नाही. ताई, मी नोकरी सोडू का?"

अगं, तीनदा वाचलं तुझं पत्र. सासूबाईंवर दोन पानं लिहिलीस, मिस्टरांवर अर्धं पान, वेखंड कुठनं आणलं तेपण लिहिलंस, आणि जी गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी होती ती अर्ध्या ओळीत 'तेवढंच' म्हणून सोडून दिलीस. नऊ दिवस पेटीत होतं लेकरू. तेवढंच कसं?

कावीळ खूप बाळांना होते, निळ्या लाइटखाली ठेवतात, बहुतेकांची दोन-तीन दिवसांत उतरते आणि पुढे काही होत नाही. लाइटनं काही बिघडत नाही, ते डोक्यातनं काढ. पण रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, फार वर गेलं असेल तर ते मेंदूपर्यंत पोचतं, आणि कानाकडनं मेंदूकडे आवाज नेणारी जी नस आहे ती त्याला फार लवकर बळी पडते. आणि नऊ दिवस ठेवलं होतं म्हणजे कावीळच जास्त होती का सोबत इन्फेक्शनपण होतं, हे बघायला पाहिजे, कारण इन्फेक्शनला जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं देतात, जीव वाचवायला लागतातच ती, पण कधीकधी कानाला बाधतात. म्हणून तर पाच दिवसांपेक्षा जास्त पेटीत राहिलेल्या बाळाच्या कानावर पुढं लक्ष ठेवायचं असतं. तुला हे कुणी सांगितलं नसेल आणि त्यात तुझी चूक नाही. पण आता मी सांगतेय, आता तुला माहिताय.

आता ताटाचं. ताट पडलं की दचकतो म्हणजे कान चांगले, असं निम्मं कोल्हापूर म्हणत असेल, पण खरं नाही ते. फरशीवर ताट पडणं हा केवढा मोठा आवाज! बोलणं त्याच्यापेक्षा कितीतरी हळू असतं आणि त्यातले स, श, फ असले आवाज तर नुसती हवा. त्याला 'आ' ऐकू येत असेल आणि 'साखर' मधला 'स' येतच नसेल, मग तो शब्द बोलणार कुठनं? आणि कानाच्या त्या नसेचा त्रास असेल तर गंमत अजून वेगळी, आवाज येतो पण फाटका येतो, स्टेशन नीट न लागलेल्या रेडिओसारखा. काहीतरी चाललंय एवढं कळतं, काय ते कळत नाही. असलं पोर दारावरच्या बेलला बघतं, टीव्हीला नाचतं, आणि हाक मारली की ढिम्म.

मी जरा तोडून बोलतेय ते उगाच नाही. माझा एक भाचा असाच. हाक मारली की वळायचा नाही, आम्ही सगळे त्याला हट्टी म्हणायचो, मी एकदा पाठीत धपाटापण घातलाय. साडेचार वर्षांचा झाल्यावर कळलं की त्याला ऐकूच नीट येत नव्हतं. तो धपाटा अजून माझ्या हाताला लागतोय. म्हणून तुझ्या सासूबाईंचं बरोबर का मिस्टरांचं बरोबर यात मला एक मिनिट घालवायचं नाही.

नोकरी सोडू नकोस. एक दिवस रजा टाक, याच आठवड्यात. सकाळी लवकर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा, कान-नाक-घसाच्या ओपीडीत केसपेपर काढ आणि 'बोलत नाही' एवढंच सांगून थांबू नकोस, असं सांग, "जन्मल्यावर नऊ दिवस पेटीत होता, कावीळ होती, मला बेरा टेस्ट करून पाहिजे." बेरा हाच शब्द वापर, कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतोय का ते बघणारी टेस्ट आहे ती. दुसरी एक ओएई म्हणून टेस्ट असते, दोन-पाच मिनिटांत होते, पण ती कानाच्या आतल्या भागापर्यंतच बघते, नस बघत नाही. काविळीच्या बाळांत ओएई पास आणि बेरा नापास असं होतं, त्यामुळे कुणी छोटी टेस्ट करून "पास आहे, घेऊन जावा" म्हणालं तरी उठायचं नाही. दोन्ही करून घ्यायच्या. कानात पाणी साठलंय का तेपण बघतील, वारंवार सर्दी होणाऱ्या पोरांत तेपण कारण असतं आणि त्याच्यावर उपचार आहेत.

बेराला दुखत नाही. कपाळाला आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात बारीक टकटक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतंय ते मशीनवर बघतात. पोरगं झोपलेलं पाहिजे, म्हणून झोपेचं औषध देतात, तेव्हा आदल्या रात्री जरा उशिरा झोपव आणि गाडीत झोपू देऊ नकोस. टेस्टची तारीख पुढची मिळाली तर मिळू दे, पण घेऊनच ये. मिस्टरांना सोबत ने, त्यांनापण एक दिवस सुट्टी टाकता येते.

तिथंच जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचं विचार, पोरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करतात तिथं. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे, त्यात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात, अंगणवाडीत वर्षातनं दोनदा डॉक्टरांचं पथक येतं ते याच्यातलंच. अंगणवाडीच्या ताईंना सांगितलंस तर त्यापण चिठ्ठी करून देतील.

आणि कान ठणठणीत निघाले तर? तर फार चांगलं, पण मग तिथनंच स्पीच थेरपीला नाव घालायचं, 'तीन वर्षांचा होऊ दे, मग बघू' असलं कुणाचं ऐकायचं नाही. दोन वर्षांच्या पोराकडे साधारण पन्नासेक शब्द असतात, 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडायला लागतात. तुझा त्याच्यापेक्षा नऊ महिन्यांनी मोठा आहे. त्याचे बाबा उशिरा बोलले असतील, पण ते काय पेटीत नव्हते. कान नीट नाहीत असं निघालं तरी घाबरू नकोस, कानाला लावायचं मशीन आहे, थेरपी आहे, काहींना ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवतात, त्याला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. त्या इम्प्लांटसाठी केंद्र सरकारची एडिप नावाची मदतीची योजना आहे पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलांना ती 5 वर्षांपर्यंतच मिळते, म्हणून मी घाई करतेय.

वेखंड बंद कर. 'बोल की, बोल की' म्हणून मागं लागणंपण बंद. संध्याकाळी आलीस की टीव्ही बंद करायचा, खाली बसायचं, त्याला तुझं तोंड दिसलं पाहिजे असं, आणि भाजी निवडता निवडता बोलायचं, ही मेथी, ही काडी, काडी टाकली. त्यानं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

आता उठ आणि जन्माच्या वेळची दवाखान्याची फाइल शोध. डिस्चार्ज कार्डवर बिलिरुबिनचा आकडा असेल, कुठली इंजेक्शनं दिली ते असेल, रक्त बदललं होतं का तेपण असेल. फाइल सापडली नाही तर त्या दवाखान्यातनं कॉपी माग, तुझा हक्क आहे तो. त्याची झेरॉक्स काढून सीपीआरला ने. आणि बेराची तारीख मिळाली की मला कळव, यावेळी दोन पानं नकोत, तारीख तेवढी लिही.