रोजच्या मालिकेची खिल्ली उडवणारी रोजचीच मालिका कशी बनवायची?

तुम्ही विचारलंय की सासू-सुनांच्या मालिकांची टर उडवणारी, पण स्वतःही सोमवार ते शनिवार चालणारी मालिका करता येईल का, आणि काम कुठून सुरू करायचं. मी सात वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहितेय. करता येते. पण स्किट लिहायच्या सवयीने गेलात तर दुसऱ्या आठवड्यात अडकाल. स्किटमध्ये प्रेक्षक हसतो ते ओळखीवर : ही अमुक मालिकेतली सासू, तिचाच अंबाडा, तिचीच नजर. दहा मिनिटांत पडदा. मालिकेत ही ओळख तीन भागांत संपते. चौथ्या दिवशी माणूस परत येतो तो पुढे काय होणार हे बघायला.

याचा मला माहीत असलेला सगळ्यात भक्कम दाखला अमेरिकेतला आहे. टीव्ही निर्माते नॉर्मन लिअर यांची, रोजच्या मालिकांची खिल्ली उडवणारी रोजचीच मालिका, ‘मेरी हार्टमन, मेरी हार्टमन’. जानेवारी 1976 ते जुलै 1977, आठवड्याला पाच रात्री, एकूण 325 भाग. मोठ्या वाहिन्यांनी ती नाकारली, तेव्हा लिअर यांनी स्थानिक टीव्ही केंद्रांच्या व्यवस्थापकांना घरी जेवायला बोलावून, एकेका केंद्राला ती विकली.

नाव दोनदा का, तर त्यांच्या मते अशा मालिकांत प्रत्येक गोष्ट दोनदा बोलली जाते. आपल्याकडेही तेच. ‘काय? लग्न मोडलं?’ ‘हो आई, लग्न मोडलं!’ लोक याला लेखकाचा आळस समजतात. मी हे वाक्य दोनदा लिहिते कारण ऐकणारी बाई ओट्याशी उभी असते. फोडणी तडतडली की पहिलं वाक्य जातं, दुसरं तिच्यापर्यंत पोचतं. ज्या सवयीची तुम्हाला खिल्ली उडवायची आहे ती का पडली, हे आधी समजून घ्या. मेरी हार्टमनच्या लेखकांत अ‍ॅन मार्कस होत्या, आणि त्यांनी आधी खऱ्याखुऱ्या दैनंदिन मालिका लिहिल्या होत्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

पहिल्याच भागात मेरीच्या गावात एका अख्ख्या कुटुंबाची हत्या होते, शेळ्या-कोंबड्यांसकट. आणि मेरीला, दोन वेण्या आणि फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक घातलेल्या त्या बाईला, स्वयंपाकघराच्या फरशीवर पॉलिशचा पिवळट थर साचतोय याची काळजी लागलेली. जाहिरातीत तर सांगतात की थर साचणार नाही! मेरीची भूमिका करणारी लुईस लॅसर हे इतक्या मनापासून करते की आपण हसतो आणि त्याच क्षणी तिच्यासाठी जीव तुटतो. पुढे एका भागात आजारी प्रशिक्षक तिच्या टेबलाशी बसलेला असतो. औषधं आणि दारू दोन्ही पोटात, समोर तिने केलेलं चिकन सूप. त्याला झोप लागते, तोंड वाटीत पडतं आणि तो बुडून मरतो. मागून हशाची पट्टी वाजत नाही. या मालिकेत ती कुठेच नव्हती. कुठे हसायचं हे प्रेक्षकाने स्वतः ठरवायचं.

हे सेटवर किती अवघड जातं ते मी अनुभवलंय. वाहिनीच्या एका सोहळ्यासाठी आम्ही आमच्याच मालिकेचं विडंबन बसवत होतो. सून कबुली देते, तीन वेळा वीज चमकते, सासूच्या हातातलं पूजेचं ताट पडतं. पहिल्या तालमीत सासूच्या भूमिकेतल्या नटीने डोळे फिरवले, आवाज चिरका केला. कुणी हसलं नाही. मग आमच्या दिग्दर्शकांनी एवढंच सांगितलं, ‘ताई, तुम्हाला खरंच धक्का बसलाय. आणि ताट चांदीचं आहे.’ पुढच्या तालमीत ताट पडलं. ताई सुनेकडे बघतच खाली वाकल्या, ताटाला पोचा आलाय का ते बोटाने चाचपलं आणि मग रडल्या. स्पॉटदादांपासून लाइटवाल्यांपर्यंत सगळे हसून बेजार. संवादातला एक शब्दही बदलला नव्हता.

म्हणून नट निवडताना विनोदाचं टायमिंग नंतर बघा. त्या व्यक्तीला सरळ, रडका सीन खरा करता येतो का, हे आधी बघा.

चुकांचं विडंबन हा याच घराण्यातला वेगळा प्रकार. ब्रिटनमध्ये व्हिक्टोरिया वुड यांनी 1985 पासून बीबीसीवर ‘एकॉर्न अँटिक्स’ केलं : हलणारा सेट, चुकलेल्या एन्ट्र्या. ते छान आहे, पण ते एका कार्यक्रमातले काही मिनिटांचे तुकडे होते. रोज बावीस मिनिटं त्यावर निघणार नाहीत.

टीआरपीचं दडपण तर येणारच. तेही कथेत घ्या. मेरी एका टीव्ही मुलाखतीत कोसळते, मनोरुग्णालयात जाते, आणि तिथे तिला कळतं की तिचा वॉर्ड टीआरपी मोजणाऱ्या घरांपैकी एक आहे. ती हरखून जाते! दर गुरुवारी आकडे येतात तेव्हा मला हा प्रसंग आठवतो.

आणि एक काळजी घ्या, माणसांची. लॅसर जवळजवळ प्रत्येक सीनमध्ये होती, दीड वर्षात थकली आणि तिने मालिका सोडली. तिच्याशिवाय ती ‘फॉरेव्हर फर्नवुड’ या नावाने काही महिनेच चालली. आपल्याकडे दिवसाला एक भाग काढतात, बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग, संपली की रात्रीपर्यंत शूट. एकाच नटीच्या खांद्यावर सगळं टाकू नका. तीन घरं, तीन ट्रॅक, म्हणजे समांतर कथानकं, ठेवा म्हणजे तिला आठवड्यातून दोन दिवस तरी सुट्टी मिळेल.

सुरुवातीला पहिल्या बारा भागांची वनलाइन, म्हणजे कोणत्या भागात काय घडतं याचा थोडक्यात आराखडा, लिहा आणि त्यात एकही विनोद घालू नका. घरातल्या कुणालातरी, शक्यतो रोज मालिका बघणाऱ्या आई-मावशीला, ती वाचून दाखवा. बाराव्या भागानंतर त्यांनी ‘मग पुढे?’ विचारलं, तर संवाद लिहायला बसा.